एका अंगठ्याची वेबसाइट

ज्याचे दोन्ही हात मोकळे आहेत त्याने वेबसाइट करू नये, असं हेमाचं ठाम मत झालं ते तिच्या लेकीला, ओवीला, पहिले दात येत होते तेव्हा.

त्या दिवसांत ओवीला जरा खाली ठेवलं की ती टाहो फोडायची. त्यामुळे केर, फोडणी, देवाची भांडी, पाहुण्यांचे फोन, सगळं हेमा उजव्या हाताने करायची. डावा हात ओवीच्या मालकीचा होता. अशाच एका दुपारी नाशिकच्या एका बाईंचा फोन आला. नंबर त्यांना कुणा नातेवाइकाकडून मिळाला होता.

"तुमची साइट उघडली हो मी," बाई म्हणाल्या, "पण नुसता गणपती दिसतोय. खोल्या कुठे आहेत?"

हेमाने फोन ठेवला आणि आपल्याच घराची साइट आपल्याच फोनवर उघडली. लग्न होऊन ती केळशीला आली त्याला तीन वर्षं होऊन गेली, पण हे तिने कधी केलं नव्हतं. आपल्या दारावरची पाटी आपण कधी वाचतो?

बराच वेळ पडदा पांढराच होता. मग वरून सावकाश गणपती उतरला. त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांची रांग. अक्षरं मोठी करायची तर एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं हवीत, आणि दुसऱ्या हाताची बोटं ओवी चघळत होती. तरी हेमाने फोन ओट्यावर टेकवून कशीबशी अक्षरं ताणली, तर सगळं पानच बाजूला पळालं. आजेसासऱ्यांच्या पगडीचा काठ दिसला. आणखी सरकवलं तर नुसतंच 'कृपाभिलाषी'. फोन नंबर काही सापडला नाही.

सापडणार कसा? ती साइट नव्हतीच मुळी. ते एक चित्र होतं.

घरामागच्या बागेकडेला राजाभाऊंनी, म्हणजे हेमाच्या सासऱ्यांनी, तीन खोल्या बांधल्या आणि पाहुणे ठेवायचं ठरवलं, तेव्हा ते दापोलीला स्वरूपच्या छापखान्यात गेले. तालुक्यातली निम्मी लग्नं स्वरूपच्याच पत्रिकांवर लागलेली. त्याला पत्रिका छापता येते, तर वेबसाइट का येऊ नये? स्वरूपलाही तसंच वाटलं. त्याने पत्रिकेच्या घाटणीचं एक देखणं पत्रक केलं. वर श्रीगणेश, मग कुलस्वामिनी, मग राजाभाऊंच्या वडिलांचा, दाजींचा, पगडीतला फोटो, मग घराण्याची हकिगत, मग घरातल्या वडीलधाऱ्यांची नावं मानाप्रमाणे, आणि तळाला खोल्या, जेवण, नंबर. हे अख्खं पत्रक त्याने चित्र म्हणून उचललं आणि साइटवर चिकटवलं. छापखान्यातल्या मोठ्या पडद्यावर ते असं काही झळकलं, की राजाभाऊ तिथूनच पेढे घेऊन आले. फोनवर ते कसं दिसतं हे बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आणि आता खोल्या रिकाम्या राहत होत्या. त्याच वेळी मुंबईचा रितेश नावाचा एकजण घरी येऊन गेला होता. त्याची कंपनी किनाऱ्यालगतची घरं चालवायला घ्यायची. तिन्ही खोल्या वर्षाच्या कराराने द्या, बाकी काही बघायला नको. नाव आम्ही इंग्रजी देऊ, जेवण दापोलीहून आमच्या गाडीने येईल. "वहिनींना आराम," तो हसून म्हणाला होता.

वहिनींना आराम म्हणजे काय, ते हेमाला पक्कं कळलं होतं. यज्ञेश, तिचा नवरा, खेडजवळ लोट्याच्या एका कारखान्यात होता. आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. खोल्या गेल्या की हेमाला केळशीत काम उरणार नाही, मग तिने आणि ओवीने खेडला भाड्याच्या जागेत जायचं, असं घरात जवळपास ठरलंच होतं. राजाभाऊंनी मुदतही घातली होती: दिवाळीच्या सुट्टीत खोल्या भरल्या तर ठीक, नाहीतर करार.

हेमाला ते नको होतं. लग्नाआधी ती रत्नागिरीत एका हॉटेलच्या बुकिंगला बसायची. आलेल्या माणसाचा चेहरा बघून तिला कळायचं, याला भूक लागल्ये की झोप आल्ये. तो जो एक गुण तिच्या अंगात होता त्याला ह्या तीन खोल्यांत जागा मिळाली होती. खेडच्या दोन खोल्यांत तो कुणावर चालवायचा?

ओवीला पाजता पाजता तिने सर्चमध्ये टाकलं, 'केळशी घरगुती जेवण राहणं'. हर्णै आलं, मुरुड आलं, आंजर्ले आलं, कुठल्या कुठल्या रिसॉर्टचे निळे तलाव आले. आपलं घर यायला इतकं खाली जावं लागलं, की तोवर ओवी पिऊन झोपली.

मग पुढचे कितीतरी दिवस हेमाचं हेच चाललं. ओवी झोपली की वाचायचं, व्हिडिओ बघायचे, ओवी उठली की ठेवून द्यायचं. हळूहळू तिला उमगलं, की हल्ली गूगल कुठलीही साइट आधी फोनवर दिसते तशीच तपासतं, संगणकावरची ऐट त्याच्या हिशेबी मागाहून. चित्रात रंगवलेली अक्षरं त्याच्या लेखी जवळजवळ नसल्यासारखीच. पान उघडायला वेळ लावणारी, बोटाला न सापडणारी साइट बघून माणसं माघारी फिरतात, ते वेगळंच. आणि हे सगळं सुधारलं म्हणजे लगेच पहिला नंबर लागतो असंही नाही. पण न सुधारता लागणार नाही, हे नक्की.

"बाबा, साइट बदलायला हवी," तिने एके दिवशी राजाभाऊंना सांगितलं. ते ओटीवर सुपारी कातरत होते.

"का? स्वरूपने केलंन ते काय वाईट केलंन?"

"फोनवर काही दिसत नाही. नंबर आणि खोल्या वर घ्यायच्या. दाजींचा फोटो खाली."

अडकित्ता थांबला. "खाली म्हणजे?"

"शेवटी."

"अगो, ज्यांनी ही बाग लावली त्यांना शेवटी? आणि पुढे काय, संडासबाथरूमचे फोटो?"

"लोक तेच विचारतात हो बाबा."

"लोक विचारतात म्हणून वडलांना पायरीशी बसवू?"

हेमाने ओवीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "बाबा, आपल्या अंगणात पाहुणा आला की आपण काय करतो? पाय धुवायला पाणी देतो. मग गूळपाणी. मग बस म्हणतो. तुझं गाव कुठलं, कुणातला तू, हे त्यानंतर. दाजींच्या गोष्टी तर तुम्ही जेवणं झाल्यावर काढता. मग साइटवरच का त्या माणसाला उन्हात उभं करून घराणं ऐकवायचं?"

राजाभाऊंनी अडकित्ता तबकात टाकला. "मी स्वरूपला विचारतो," म्हणून ते आत गेले.

स्वरूपने उपाय केला. पत्रकाच्या तळाला, सुबक वेलबुट्टीच्या चौकटीत, त्याने एक ओळ वाढवली: 'ही वेबसाइट कृपया संगणकावर पाहावी.' तीही चित्रातच. फोनवर ती वाचता येत नव्हती.

ती ओळ ज्या दिवशी हेमाने ताणून ताणून वाचली, त्या दिवशी तिने ठरवलं, की आता कुणाला विचारायचं नाही.

साइट तिने फोनवरच बांधली, त्यासाठीची तयार सोय वापरून. संगणक घरात होता, पण संगणकापुढे बसायला मांडी रिकामी लागते. तिने एकच नियम केला: जे उजव्या हाताच्या एका अंगठ्याने उघडत नाही ते ठेवायचं नाही. ओवी छातीशी झोपलेली असली तरी जमलं पाहिजे. कडेवर असून केस ओढत असली तरी जमलं पाहिजे. दोन फोटो सुंदर असले तरी एकच ठेवायचा, आणि तोही हलका करून. मग फोन घेऊन ती बागेच्या खालच्या अंगाला जायची, जिथे रेंजची एकच काडी येते, आणि पान पटकन उघडतं का ते बघायची. नाही उघडलं तर परत येऊन आणखी काहीतरी काढायची.

परीक्षेला बसवली मालनला. मालन वाडीतून स्वयंपाकाला हाताशी यायची. ती नारळ खवत होती.

"हात पुसू नकोस," हेमा म्हणाली. "तसाच अंगठा लाव आणि मला फोन करून दाखव."

"वैनी, तुमी माझ्या फुडं उभ्या, तुमास्नी फोन कशाला करू?"

"कर गं."

मालनने अंगठा टेकवला. भलतंच पान उघडलं. "ह्यो तुमचा बटण माझ्या अंगठ्याखाली गडप झाला," ती म्हणाली. "चिचोक्याएवढा केलाव. वाईच वड्याएवढा करा."

हेमाने वड्याएवढा केला.

मग शब्द. ते लिहिताना तिने डोळ्यांसमोर कुणी मोठा ग्राहकवर्ग वगैरे आणला नाही. फोनवर लोक जे विचारतात तेच लिहिलं, आणि जसं सांगते तसंच लिहिलं. गाडी पाखाडीच्या तोंडापर्यंत येते, पुढे दगडी पायऱ्यांच्या वाटेने चालत यायचं. सामान घ्यायला माणूस येईल. जेवण शाकाहारी, आंबोळी, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, जे त्या दिवशी असेल ते. मासे हवे असतील तर इथे मिळणार नाहीत, वाईट वाटून घेऊ नका. समुद्र चालत जवळ आहे, पण भरती विचारून जा. आणि एका दुपारी, ओवी मांडीवर झोपेत हसत असताना, तिने लिहिलं: 'बाळ लहान असेल तर बिनघोर या. पाळणा आहे. मऊ भात आणि गरम पाणी कधीही मागा. बाळ रडलं तर कुणी रागावणार नाही, आमचंही रडतं.'

दाजी शेवटी आले. पण त्यांच्यावर तिने मन लावून लिहिलं. पगडीबद्दल नाही, तर कातळात सुरुंग लावून खड्डे पाडून, टोपलीने माती वाहून त्यांनी कलमं कशी जगवली त्याबद्दल.

सगळं झालं. राहिला साइटच्या पत्त्याचा पासवर्ड. तो यज्ञेशकडे होता. तिने त्याच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावला.

"बाबांना विचारलंस?" यज्ञेशने विचारलं.

"नाही."

"अगं!"

"विचारलं तर नाही म्हणतील."

"मग?"

"मग पासवर्ड सांग."

"हेमा, घरात तू आणि ते दोघंच असता. मी इथे. उगाच वाद कशाला? खेडला जागा बघितल्ये मी, खाली बागही आहे मुलांना खेळायला."

"ओवीला इथे अख्खी बाग आहे. तू पासवर्ड सांगतोस, की मी ओवीला घेऊन तुझ्या कंपनीच्या गेटवर येऊन विचारू?"

पलीकडे कुणीतरी हसलं. यज्ञेशने पासवर्ड सांगितला.

त्याच रात्री नवी साइट लागली. नंतर काहीच झालं नाही. फोन वाजले नाहीत. हेमा रोज सर्च करायची आणि रोज तेच निळे तलाव बघायची. झालं ते एवढंच, की पुण्याच्या चुलतभावाने राजाभाऊंना फोन करून विचारलं, "राजा, दाजीकाका कुठे गेले रे साइटवरून?" त्याला तळापर्यंत जायचा धीर नव्हता.

त्या दिवसापासून राजाभाऊ हेमाशी बोलेनासे झाले. जेवायला बसायचे, पण निरोप ओवीमार्फत.

"ओवी, तुझ्या आईस सांग, ताक हवंय."

ओवी भाताचं शीत नाकाला लावून बघत असायची.

"ओवी, आजोबांना सांग, ताक त्यांच्या डाव्या हाताला ठेवलंय."

"ओवी, तुझ्या आईस विचार, जुनी साइट परत कधी येणार?"

"ओवी, आजोबांना सांग, येणार नाही."

मालन दाराआड तोंडात पदर कोंबून हसायची. हेमाला मात्र हसू येत नव्हतं. रात्रीच्या भाकऱ्या थापताना तिचा हात जड व्हायचा. पण साइट तिने बदलली नाही. दिवाळी तोंडावर येत चालली होती.

नवरात्राच्या सुमारास एक दिवस सर्चमध्ये आपलं घर दोन बोटं वर आलेलं दिसलं. तिला वाटलं, आपल्याच फोनला आपली सवय झाली असेल. तिने मालनच्या फोनवर बघितलं. तिथेही वर होतं. पुढच्या आठवड्यात आणखी वर. आणि 'लहान बाळ घेऊन कोकणात राहायला' असं घातलं, तर निळ्या तलावांच्या सगळ्यात वर, साध्या पांढऱ्या पानावर, 'आमचंही रडतं' हे शब्द.

मग फोन यायला लागले. बहुतेक बायकांचे, बहुतेक हळू आवाजात, मागे कुणीतरी कुरकुरत असलेलं. "पाळणा खरंच आहे ना?" एकीने विचारलं. "आता एका हातानेच शोधत होते हो, दुसऱ्या हातात हा आहे." हेमा म्हणाली, "मीही तशीच बोलत्ये." आणि दोघी उगाचच हसत राहिल्या.

दिवाळीत तिन्ही खोल्या भरल्या. अंगणात लंगोट वाळत होते, एका बाळाला पडसं झालं, एका जोडप्याला मासे नाहीत म्हणून खरंच वाईट वाटलं आणि ते एक दिवस आधी गेले. संगमेश्वरहून आलेला एक तरुण बाप मात्र मुलाला खांद्यावर थोपटत ओटीवर फेऱ्या मारत होता. तो राजाभाऊंपाशी थांबला.

"काका, ते सुरुंगाचं खरं आहे? दाजींचं?"

राजाभाऊंनी मान वर केली. "तुला कुठे कळलं?"

"साइटवर. हा रडत होता, झोपवता झोपवता शेवटपर्यंत वाचलं. कुठला कातळ तो? दाखवाल?"

स्वरूपच्या पत्रकावरचे दाजी वाचून आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. राजाभाऊ उठले, वहाणा घातल्या आणि त्याला बागेत घेऊन गेले. त्या रात्री जेवताना ताक त्यांनी स्वतः, थेट हेमाकडे मागितलं.

सुट्टी सरली आणि रितेश आला. यज्ञेशची त्या दिवशी सुट्टी होती. तिघं ओटीवर बसले. हेमा दारात उभी राहिली, ओवी कडेवर.

रितेशने आधीपेक्षा बराच मोठा आकडा सांगितला. एवढा, की यज्ञेशने वडलांकडे बघितलं.

"फक्त एक," रितेश म्हणाला, "साइटही आमच्याकडे द्यायची. काय केलंत तुम्ही, माहीत नाही, पण या भागात शोधलं की तुम्ही आमच्या वर येताय. त्याच पानावर आमच्या बाकीच्या व्हिला लावू. मजकूर छान आहे, तो तसाच ठेवू."

"तसाच?" हेमाने विचारलं.

"हो वहिनी. पाळणाबिळणा, सगळं. लोकांना आवडतंय."

"आणि मऊ भात कोण करणार?"

"ते बघू. दापोलीहून येईल."

"बाळ भुकेलं की गाडी दापोलीहून निघणार?"

यज्ञेश पुटपुटला, "हेमा, आधी ऐकून तरी—"

"ऐकलं मी." तिचा आवाज चढला नाही, ओवी पेंगुळली होती. "बाबा, घर तुमचं आहे. सही करायची तर करा, मी हात धरणार नाही. पण त्या पानावर जे लिहिलंय ते मी रांधते, मी धुते, मी उठून बघते. मी इथे नसले तर त्यातला एकेक शब्द खोटा. आणि खोटं माझ्या नावावर मी राहू देणार नाही. सही झाली, की मी पहिल्यांदा ते सगळं पुसणार."

"अहो, पण डोमेन, साइटचा पत्ता, राजाभाऊंच्या नावावर आहे," रितेश हसला.

"डोमेन न्या. कोरं मिळेल."

"पुन्हा लिहून घेऊ आम्ही. लिहिणारी माणसं आहेत आमच्याकडे."

"घ्या ना लिहून," हेमा म्हणाली. "त्यांना सांगा, एका हाताने लिहा म्हणावं."

रितेश राजाभाऊंकडे वळला. "काका, तुम्ही सांगा. मालक तुम्ही."

राजाभाऊंना तो आकडा हवा होता, हे हेमाला दिसत होतं. त्यांचे गुडघे दुखायचे, बागेला गडी मिळत नव्हते. ते काय बोलतील, याचा तिला खरोखरच अंदाज नव्हता, आणि तिने ओवीला इतकं घट्ट धरलं की ती कण्हली.

"ती नाही म्हणत्ये," राजाभाऊ म्हणाले.

"ते ऐकलं मी. पण तुमचं काय?"

"तेच सांगतोय. ती नाही म्हणत्ये. म्हणजे नाही."

रितेश गेला. यज्ञेश त्याला पाखाडीच्या तोंडापर्यंत सोडायला गेला, आणि परत आला तो खेडच्या जागेचा विषय न काढता विहिरीचा पंप बघायला मागच्या दारी गेला.

हेमा ओवीला निजवून स्वयंपाकघरात आली. तांदळाची उकड मळायला घेतली तोच ओटीवर राहिलेला तिचा फोन वाजला. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत भरलेले. फोन वाजत राहिला, मग थांबला, आणि तिला राजाभाऊंचा आवाज ऐकू आला. पाहुण्यांचा फोन ते कधी घेत नसत.

"होय, केळशीच. आहेत खोल्या... उद्या? थांबा हं. विचारून सांगतो."

फोन छातीशी धरून ते स्वयंपाकघराच्या दारात आले. "अगो, चार माणसं आहेत. दोन खोल्या हव्यात म्हणतात. उद्याच."

"उद्या नाही जमायचं बाबा. उद्या ओवीला लस टोचायची आहे. तिला ताप येईल, मला तिच्यापाशी राहायचंय."

"नुकता कुठे जम बसतोय, आणि गिऱ्हाईक परतवतेस?"

"हो."

राजाभाऊंनी तिच्याकडे बघितलं, तिच्या भरलेल्या हातांकडे बघितलं. मग फोन कानाला लावला.

"उद्या घर बंद आहे," ते म्हणाले. "परवा या."